सागरतळाचा वाटाड्या

भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर तुलाँ नावाचे फ्रेंच आरमाराचे बंदर आहे. तेथील ल मुरियों या किनाऱ्यावर १९३६ साली एका रविवारी एक सडपातळ नौदल अधिकारी उथळ पाण्यात उभा होता. मोटारीच्या अपघातात मोडलेले त्याचे हात अद्याप पुरते सुधारले नव्हते. पाण्यात वापरावयाचा काचेचा चष्मा डोळ्यांवर घट्ट बसवून त्याने सहज तोंड पाण्यात घातले आणि तो थक्क झाला. खालच्या खडकांवर हिरवी, तपकिरी, रुपेरी शेवाळे डुलत होती व त्यांतून मासे निर्भयपणे ये-जा करीत होते. श्वासासाठी त्याने मान वर केली, तो समोर ट्राम धावत होती, माणसे चालली होती, विजेचे खांब उभे होते. पुन्हा तोंड खाली घालताच सारे शहर नाहीसे झाले. दोन जगांच्या मध्ये पाण्याचा केवळ एक पडदा होता! त्या दिवसापासून त्या तरुणाचे आयुष्य पालटले. त्याचे नाव जाक-ईव्ह कूस्तो.

कूस्तोचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दो शहराजवळच्या सँ-तांद्रे-द-क्युबझाक या गावी झाला. लहानपणी तो प्रकृतीने अशक्त होता. वडिलांच्या कामानिमित्त काही काळ हे कुटुंब अमेरिकेत राहिले. तेथे एका सरोवराकाठच्या शिबिरात शिक्षकांनी त्याला पाण्याच्या तळाशी रुतलेल्या वाळक्या फांद्या काढावयास लावले. काम कसले, ती शिक्षाच होती. पण गढूळ पाण्यात पुनःपुन्हा बुड्या मारता मारता तो दम धरावयास शिकला. अभ्यासात मात्र त्याचे मन रमेना. खिडक्यांच्या काचा फोडल्यामुळे एका शाळेतून त्याचे नाव कमी झाले. मग वडिलांनी त्याला कडक शिस्तीच्या शाळेत धाडले आणि तेथे तो मन लावून शिकू लागला, हे सांगताना माझ्यासारख्या जुन्या मुख्याध्यापकास थोडा आनंद होतो!

१९३० साली तो नाविक विद्यालयात दाखल झाला. त्याला वैमानिक व्हावयाचे होते. परंतु त्या अपघाताने ते स्वप्न भंगले. हातांत बळ यावे म्हणून फिलिप ताये या सहकारी अधिकाऱ्याने त्याला समुद्रात पोहण्याचा सल्ला दिला. पुढे फ्रेदेरिक द्युमा हा पटाईत पाणबुड्या त्यांना मिळाला आणि या तिघांची मैत्री जडली.

मुलांनो, उन्हाळ्यात विहिरीत डुंबण्याइतके हे सोपे नव्हते. हिवाळ्यात त्या समुद्राचे पाणी सुमारे १३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होते. आकडा भीतिदायक वाटत नाही. पण पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातील ऊब काढून घेते. थोड्याच वेळात बोटे बधिर होतात, दात वाजू लागतात. अंगाला चरबी चोपडण्याचा जुना उपाय होता. ती चरबी पाण्यात धुऊन जाते आणि मागे उरणारा पातळ थर उलट ऊब घालवतो, असे कूस्तोच्या ध्यानी आले. मग त्याने रबराचे पोशाख बनवून पाहिले. त्यांतील हवा कधी पायांकडे सरके, आणि बिचारा कूस्तो डोके खाली व पाय वर अशा अवस्थेत लोंबकळत राही!

थंडीहून बिकट प्रश्न श्वासाचा होता. पृष्ठभागावर पोहताना तोंडात आखूड नळी धरली, तर मान वर न काढता तळ न्याहाळता येतो. परंतु तीच नळी लांब करून खोल जाता येत नाही. कारण पाण्याचा भार छातीवर पडतो आणि वरची हवा आत ओढवत नाही. दहा मीटर खोलीवर हा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. म्हणून पाणबुड्याला तेवढ्याच दाबाची हवा मिळाली पाहिजे. कूस्तोने प्रथम शुद्ध प्राणवायूचे यंत्र बनविले. सुमारे १४ मीटर खोलीवर त्याला एकाएकी आचके येऊ लागले. कमरेचे वजन सोडून तो कसाबसा वर आला, म्हणून बचावला. यंत्रात सुधारणा करून तो पुन्हा उतरला, आणि पुन्हा तोच प्रसंग ओढवला. प्राण वाचविणारा वायू दाबाखाली विषासमान होतो, हे ज्ञान त्याने असे जिवावर उदार होऊन मिळविले. त्या वेळी त्याच्यामागे कुटुंब होते. त्याचे हे साहस मला पूर्णपणे शहाणपणाचे वाटत नाही.

१९४२ साली पॅरिसमध्ये त्याची एमिल गान्यां या अभियंत्याशी गाठ पडली. युद्धामुळे पेट्रोल दुर्मिळ झाले होते. मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून गान्यांने एक झडप तयार केली होती. तिच्यावरून दोघांनी नवी झडप रचली. पाणबुड्या श्वास घेईल तेव्हाच, आणि भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा ती सोडी. जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात तिची परीक्षा झाली. कूस्तो आडवा असताना झडप उत्तम चाले. उभा राहताच हवा वाया जाई, उलटा होताच श्वास कोंडे. उच्छ्‌वास बाहेर पडण्याची जागा झडपेपासून दूर होती, हे त्याचे कारण. ती झडपेशेजारी आणताच दोष नाहीसा झाला.

त्याच वर्षी जून महिन्यात बांदोल गावाजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर कूस्तो नवे यंत्र पाठीवर बांधून पाण्यात शिरला. इटालियन सैनिकांच्या नजरेपासून दूर अशी जागा मित्रांनी मुद्दाम निवडली होती. त्याची पत्नी सिमोन डोळ्यांना चष्मा व तोंडात नळी लावून पाण्यावर तरंगत त्याच्यावर नजर ठेवून होती. द्युमा काठावर उबेत बसला होता; संकट आलेच तर गारठलेला मनुष्य काय कामाचा? कूस्तो माशासारखा आडवा, उभा, उलटा पोहला. श्वास कोठेही अडखळला नाही. एका कपारीत छताला शेवंडे लटकलेली दिसली. त्याने ती धरून आणून वर सिमोनच्या हाती दिली. युद्धकाळात अन्नाचा तुटवडा असताना त्या दिवशी सर्वांना मेजवानीच घडली.

मार्ग मोकळा झाला, तरी धोका सरला नाही. १९४७ साली मोरिस फार्ग हा सहकारी फार खोल गेला असता मरण पावला. पुढे १९५० साली कूस्तोला ‘कॅलिप्सो’ ही नौका मिळाली. १९५६ साली त्याच्या ‘मौनाचे जग’ या चित्रपटाला कान येथे सर्वोच्च पारितोषिक लाभले. परंतु त्यात मासे मोजण्यासाठी प्रवाळावर सुरुंग उडविल्याचे व शार्क मारल्याचे दृश्य आहे. ते पाहताना आज कोणाचेही मन खिन्न होते. कूस्तोची दृष्टीही वयाबरोबर बदलली. किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याचा बेत ठरला, तेव्हा १९६० साली त्याने उघड विरोध केला. ज्या पाण्यात त्याने पहिल्यांदा तोंड घातले होते, तेच हे पाणी.

२५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे तो निधन पावला. त्याला त्याच्या जन्मगावी, सँ-तांद्रे-द-क्युबझाक येथे पुरण्यात आले.