शब्द ‘वाईट हवे’चा, दोष डासाचा

ताप आला की माजरीच्या खाण वसाहतीपासून गडचिरोलीच्या पाड्यांपर्यंत ‘मलेरिया’ हा शब्द सहज तोंडी येतो. मूळ इटालियन: ‘माला’ म्हणजे वाईट, ‘आरिया’ म्हणजे हवा. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने हा ताप येतो, अशी जुनी समजूत होती. आपला ‘हिवताप’ अधिक प्रामाणिक; हीव भरते आणि ताप येतो एवढेच तो सांगतो, कारणाचा दावा करत नाही.

हवेवरचा हा आरोप खोटा ठरवणारे रोनाल्ड रॉस १३ मे १८५७ रोजी अल्मोड्यात जन्मले. त्यांचा ओढा साहित्य-संगीताकडे. लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांच्या आग्रहामुळे ते वैद्यक शिकले आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाले. आदल्याच वर्षी फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात मलेरियाचे परजीवी दिसले होते. पण ते रक्तात शिरतात कसे? १८९४ मध्ये लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी डासांवरचा आपला संशय रॉस यांना सांगितला. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणूस आजारी पडतो, असे मॅन्सन यांना वाटे!

सिकंदराबादच्या उकाड्यात रॉस सूक्ष्मदर्शकाखाली डास चिरत राहिले. दोन वर्षे हाती काही लागेना, कारण बहुतेक डास चुकीच्या जातीचे होते. ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान या रुग्णाने पैसे घेऊन ते स्वतःला चावून घेतले. (या शोधातला त्याचा वाटा फारसा कोणी आठवत नाही.) २० ऑगस्टला अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना परजीवीच्या काळ्या कणांच्या पेशी दिसल्या.

पुढच्याच महिन्यात बदली झाली, तीही मलेरिया फारसा नसलेल्या खेरवाड्याला. १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतात आणि चाव्यातून पसरतात, हे सिद्ध केले. माणसातले चक्र इटलीच्या ग्रासी यांनी दाखवले. श्रेयावरून दोघांत कडू भांडण झाले. १९०२ चे नोबेल रॉस यांना मिळाले. १९३२ मध्ये ते वारले.

शब्द मात्र बदलला नाही. आजही तापाच्या रुग्णाचे नातेवाईक ‘हवापाणी मानवले नाही’ म्हणतात. त्यातली हवा निर्दोष आहे. पाहायचे ते घराजवळ साचलेले पाणी, आणि तपासायचा तो बोटातला रक्ताचा थेंब, ताप आला त्याच दिवशी.