पुस्तकबांधणीच्या दुकानातला विद्यार्थी

मायकेल फॅरेडे यांचे शालेय शिक्षण लिहिणे, वाचणे आणि बेताचा हिशोब यापुढे गेलेच नाही. २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील सतत आजारी, त्यामुळे पैशांची कायम ओढाताण. तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात निरोप्या म्हणून लागला, पुढे तिथेच सात वर्षे पुस्तकबांधणीची उमेदवारी केली.

बांधायला आलेली पुस्तके तो वाचूनही काढी. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक यांनी त्याला झपाटले. पण वाचलेले करून पाहिल्याशिवाय त्याला खरे वाटत नसे. १८१२ मध्ये त्याने जस्ताच्या सात चकत्या कापल्या, त्यांना अर्ध्या पेनीच्या सात नाण्यांची जोड दिली आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले. झाली बॅटरी! तिच्या विजेने त्याने एप्सम सॉल्टच्या द्रावणाचे विघटनही घडवले. नाणी आणि मिठाचे पाणी घेऊन मुले आजही हा प्रयोग करतात.

त्याच वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने टिपणे घेतली, आकृत्यांसह सुवाच्य उतरवली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींना पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये तो तिथे प्रयोगशाळेतला मदतनीस झाला. पुढचे सर्वश्रुत आहे: १८२१ मध्ये विजेच्या बळावर फिरणारी तार, १८२५ मध्ये बेंझिनचा शोध, १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन. आजच्या जनित्रांचे मूळ त्या शेवटच्या शोधात आहे.

एवढ्या व्यापातही नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी फॅरेडे उभे राहत. रॉयल इन्स्टिट्यूशनने ही व्याख्याने १८२५ मध्ये सुरू केली आणि त्यांतल्या १९ माला एकट्या फॅरेडेंनी गुंफल्या. सर्वांत गाजली ती मेणबत्तीवरची. मेणबत्ती फुंकून वर चढणाऱ्या धुराच्या रेषेला दोन-तीन इंचांवरून पेटती काडी लावली, की ज्योत धुरावरून धावत वातीपर्यंत पोहोचते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. ज्योतीवर बर्फ भरलेले भांडे धरले, की त्याच्या बुडाला पाण्याचे थेंब जमतात. मेणातल्या हायड्रोजनचे हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पाणी झालेले असते. ज्योतीतून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला, की निवळी दुधासारखी होते. मग ते स्वतःचा उच्छ्वास तिच्यात सोडत, आणि तीच निवळी पुन्हा पांढुरकी होई. अन्नातला कार्बन शरीरात सावकाश जळतो, एवढी मोठी गोष्ट मुलांना डोळ्यांनी दिसे. श्वसन शिकवायची याहून सोपी रीत आजही सापडणे कठीण!

प्रयोग करून दाखवण्याची ही सवय सभागृहापुरती नव्हती. जुलै १८५५ मध्ये थेम्स नदीतून बोटीने जाताना त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे ओले करून पाण्यात टाकले. लख्ख ऊन असूनही इंचभर खाली जाण्याआधीच ते दिसेनासे झाले. शहराची घाण थेट नदीत जात होती आणि कॉलऱ्याने लंडनमध्ये हजारो बळी घेतले होते. फॅरेडेंनी हे निरीक्षण वृत्तपत्राला कळवले. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, नदीची दुर्गंधी संसदेत शिरली तेव्हा कुठे गटारांच्या मोठ्या योजनेला मंजुरी मिळाली.

हे सारे चालू असताना त्यांची स्वतःची प्रकृती मात्र ढासळत होती. पन्नाशीच्या आसपास डोकेदुखी, चक्कर आणि विस्मरण यांनी ते इतके त्रासले, की काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. स्वित्झर्लंडमध्ये विश्रांती घेऊन ते परतले आणि पुन्हा कामाला लागले, पण स्मरणशक्तीची तक्रार गेली नाही. केलेले प्रयोगही विसरले जात. रोजनिशीतल्या परिच्छेदांना ते अनुक्रमांक घालत, त्याचा त्यांना मोठाच आधार झाला असणार. नाइटहूड त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही. मुलांसमोरची शेवटची व्याख्याने १८६०-६१ च्या नाताळात झाली, विषय पुन्हा मेणबत्तीच. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. डेव्हींच्या व्याख्यानांची त्यांनी बांधलेली ती वही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेली आहे.