बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून १८९०, कोल्हापूर – १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार व मूकपटांचे दिग्दर्शक होते. चलच्चित्रणाचा कॅमेरा त्यांनी परदेशातून न मागवता कोल्हापुरातच घडवला.

चित्रकला व शिल्पकला बाबूराव स्वतःच्या अभ्यासानेच शिकले. ते आणि नात्याने बंधू असलेले आनंदराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत व त्या कामात त्यांचा मोठा लौकिक होता. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला आणि दोघांनाही चित्रपटाचा ध्यास लागला.

कॅमेऱ्याची घडण

या बंधूंनी प्रथम एक प्रोजेक्टर विकत घेतला व त्याच्या रचनेचा अभ्यास केला. ही वाट अचूक होती, कारण दोन्ही यंत्रांचे मर्म एकच आहे. काठाला छिद्रे असलेली फीत क्षणभर स्थिर ठेवायची, मग नेमकी एक चौकट पुढे ओढायची आणि ती सरकत असताना झडपेने प्रकाश अडवायचा. मूकपटाच्या काळी हे सेकंदाला साधारण १६ वेळा, तेही हाताने दांडा फिरवून साधावे लागे. फीत केसभर चुकली, तरी पडद्यावरचे चित्र थरथरते.

काम अपुरे असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी ते सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये त्यांनी कॅमेरा पूर्ण केला. भारतात चित्रणासाठी वापरलेला हा पहिला कॅमेरा मात्र नव्हे. सावेदादा भाटवडेकर यांनी इंग्लंडहून मागवलेल्या कॅमेऱ्याने १८९९ मध्येच मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. बाबूरावांचे श्रेय आहे ते स्वदेशी घडणीचे.

चित्रपट

तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्या 'सैरंध्री' (१९२०) या पहिल्या मूकपटानंतर लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. 'सिंहगड' (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. पौराणिक व ऐतिहासिक कथांच्या त्या काळात सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्यावर 'सावकारी पाश' (१९२५) काढणे धाडसाचेच होते. त्यात व्ही. शांताराम यांची भूमिका होती.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल व शांताराम यांनी कंपनी सोडून प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढे बंद पडली. 'सावकारी पाश' बाबूरावांनी १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा काढला. उत्तरायुष्यात मात्र ते मुख्यतः चित्रकला व शिल्पकलेकडे वळले.