विश्लेषण : येलदरीचे पाणी, पैठणची वीज आणि शंकरराव चव्हाण

सौरऊर्जेचा प्रश्न आता वीज तयार करण्याचा राहिलेला नाही. दुपारची वीज रात्रीपर्यंत ठेवायची कशी, हा तो प्रश्न आहे. दुबईने हत्ताच्या डोंगरात २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प हाती घेतला तो त्यासाठीच. दिवसा सूर्याच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि गरज पडेल तेव्हा खाली सोडायचे. मराठवाड्यात मात्र असा संच चार दशकांपूर्वीच बसला. त्यामागे धरणांसाठी आयुष्य घातलेले एक राजकारणी होते.

कोण होते शंकरराव?

शंकरराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणचा. त्या वेळी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रभावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. पुढे नांदेडचे नगराध्यक्ष झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर ते उपमंत्री झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पाटबंधारे व वीज खाते आले. त्या काळी हे खाते मानाचे समजले जात नसे. शंकररावांनी मात्र ते दशकभर घट्ट धरून ठेवले. शिस्त, वक्तशीरपणा आणि फायलीतला प्रत्येक कागद वाचण्याची सवय यांमुळे त्यांना ‘हेडमास्तर’ हे नाव पडले. ते चिकटले ते कायमचे.

येलदरीचा हिशेब काय?

जिंतूर तालुक्यातील येलदरी धरण पूर्णा नदीवर आहे. मातीची भिंत सुमारे ५१ मीटर उंच आणि चार किलोमीटरहून लांब, साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. काम द्विभाषिकाच्या काळातले, ते १९६८ च्या सुमारास पुरे झाले. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे साडेबावीस मेगावॉट. वीजगृहातून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडते आणि तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडच्या रानांत जाते. एकाच पाण्याची दोन कामे.

आकडे मोठे वाटतात, पण वीज त्या मानाने थोडी. हजार लिटर पाणी ३० मीटरवरून पडले तर एक दशांश युनिटही मिळत नाही. एका युनिटसाठी बारा-तेरा हजार लिटर पाणी लागते. म्हणून येलदरीत पाणी शेतीसाठी सोडले की वीज होते, विजेसाठी म्हणून पाणी सोडणे परवडत नाही. दुष्काळी वर्षात जलाशय तळाला जातो तेव्हा संचही थांबतात. मराठवाड्यातले पाणी हीच बॅटरी आहे आणि ती भरायची की नाही, ते पावसाच्या हाती.

मग पैठणला वेगळे काय झाले?

शंकररावांच्या नावाशी कायमचे जोडलेले धरण म्हणजे जायकवाडी. मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची. जागा बदलून धरण गोदावरीवर पैठणला गेले, नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी लोकार्पण केले. तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. शंभराहून अधिक गावे त्यासाठी पाण्याखाली गेली. वरच्या नगर-नाशिकशी पाणीवाटपाचा वाद तर अजूनही दर उन्हाळ्यात नव्याने पेटतो. शंकररावांच्या कामाची ती बाजूही लपवण्यासारखी नाही.

याच धरणावर १९८४ च्या सुमारास १२ मेगावॉटचा उलटसुलट चालणारा संच आला. पाणी पडते तेव्हा तो वीज करतो. जादा वीज असेल तेव्हा तोच पंप होऊन खालचे पाणी वर ढकलू शकतो. वर चढवताना लागते त्याहून कमी वीज परत मिळते, तरी फायदा असतो, कारण मध्यरात्रीच्या आणि संध्याकाळच्या विजेची किंमत सारखी नसते. येलदरीचे संच मात्र एकेरीच आहेत. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला याच तत्त्वावर २५० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, पण तो २००८ मध्ये. ते पाहायला शंकरराव नव्हते.

साखर कारखानदारांशी का बिनसले?

मार्च १९८६ ते जून १९८८ या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात त्यांनी आठमाही पाण्याचे धोरण पुढे रेटले. कालव्याचे पाणी वर्षभर उसाला देण्याऐवजी आठ महिने जास्तीत जास्त शेतकऱ्यांत वाटायचे, असा त्याचा अर्थ. ऊसपट्ट्याला ते रुचणे शक्यच नव्हते. दिल्लीत त्यांनी संरक्षण, गृह, अर्थ अशी मोठी खाती सांभाळली. पण मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना ते आठवतात ते पाटबंधारे मंत्री म्हणून. नांदेडजवळ गोदावरीवरील विष्णुपुरीच्या उपसा योजनेला पुढे त्यांचेच नाव मिळाले. तिथे पाणी पंपांनी उचलूनच शेतात न्यावे लागते, त्यामुळे वीज नसेल तर पाणीही थांबते.

२६ फेब्रुवारी २००४ रोजी शंकररावांचे निधन झाले. येलदरीचा जलाशय पावसाळ्यात भरला की दरवाजे उघडतात आणि पूर्णेच्या काठची गावे सतर्क होतात.