पारा गाळणारा माणूस

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला माझं पोटेन्शिओमीटरचं रीडिंग काही केल्या स्थिर होईना. लॅबमधल्या काकांनी तारेची टोकं पॉलिश पेपरने घासली आणि काटा ताळ्यावर आला. तांब्यावर ऑक्साइड धरलं होतं, बस्स. त्या दिवसापासून हाइके कामरलिंग ओनेस मला ओळखीचे वाटू लागले.

त्यांचा जन्म १८५३ सालचा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा. वडिलांचा विटा-कौलांचा कारखाना होता. हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खहॉफ यांच्याकडे शिकून आले नि २९व्या वर्षी लायडनला प्राध्यापक झाले. प्रकृती तोळामासा, पण प्रयोगशाळा चालवली कारखान्यासारखी. १९०१ मध्ये तर उपकरणं बनवणारे कारागीर घडवायची शाळाच काढली. मधे एकदा गावाने स्फोटाच्या भीतीने त्यांचं काम काही वर्षं बंद पाडलं होतं. भीती अगदीच वेडी नव्हती म्हणा, १८०७ साली लायडनमध्ये बंदुकीच्या दारूचं जहाज फुटून वस्ती उद्ध्वस्त झाली होती.

१० जुलै १९०८ ला भल्या पहाटे काम सुरू झालं. संध्याकाळी हेलियम द्रव झाला, पण दिसेना! कुणीतरी खालून उजेड टाकायला सुचवलं, तेव्हा त्याची पातळी नजरेला आली. जेमतेम ६० मिलिलीटर, तापमान उणे २६९ अंश.

आता या थंडीत धातूंचा रोध मोजायचा होता. सोनं, प्लॅटिनम थंड केलं तरी थोडा रोध उरायचाच. ओनेसना संशय आला भेसळीचा. म्हणून त्यांनी पारा घेतला, कारण तो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करता येतो. एप्रिल १९११ मध्ये रोध एकदम नाहीसा झाला. आधी वाटलं, शॉर्ट सर्किट झालं असणार. मोजमाप खिल्स होल्स्ट करत होते, पण निबंधावर नाव एकट्या ओनेसचं. हे मला खटकतं. १९१३ चं नोबेलही त्यांनाच मिळालं.

गंमत पुढेच आहे. भेसळीचा पाराही तसाच अतिवाहक निघाला! एवढी शुद्धी त्या शोधाला लागलीच नव्हती. १९२६ मध्ये ओनेस वारले.

ती शुद्धी कामाला येते आज. कणांना वेग देणाऱ्या नायोबियमच्या कॅव्हिटीत रेडिओ लहरी सोडतात. एकदिश विजेला अतिवाहकात रोध नसतो, पण सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलणाऱ्या विजेला थोडा असतोच. शिवाय ही वीज पृष्ठभागाच्या काही दशक नॅनोमीटर जाडीतच वाहते, म्हणून सगळा खेळ कातडीचा. हवेत नायोबियमवर सुमारे ५ नॅनोमीटरचं ऑक्साइड धरतं. त्याची रचना काचेसारखी विस्कळीत, ती लहरींची ऊर्जा गिळते, विशेषतः क्षेत्र क्षीण असताना.

आपल्या इंदुरात राजा रामण्णा केंद्रात अशा कॅव्हिटी घडवतात. त्या ॲसिडने खरवडायच्या, अतिशुद्ध पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायच्या, धूळविरहित खोलीत जोडायच्या. ऑक्साइडवर पॉलिश पेपर चालत नाही. निर्वातात ३०० अंशांच्या वर तापवलं, की त्यातला ऑक्सिजन धातूत मुरतो नि थर विरतो. मात्र नंतर कॅव्हिटी उघडली नि हवा लागली, की थर पुन्हा धरतो.