पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख (२७ डिसेंबर, १८९८ – १० एप्रिल, १९६५) हे वऱ्हाडातील शेतकरी नेते, शिक्षणप्रसारक आणि स्वतंत्र भारताचे कृषी खात्याचे मंत्री होते. वऱ्हाडात ते भाऊसाहेब या नावाने ओळखले जातात. त्यांच्या मंत्रिपदाच्या दशकात रासायनिक कीटकनाशके भारतीय शेतीत रुजली. मात्र त्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा त्यांच्या निधनानंतर झाला.

जन्म व शिक्षण
पंजाबरावांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी कुटुंबात झाला. अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे शिकून ते इंग्लंडला गेले. एडिंबरा येथे त्यांनी एम.ए. केले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावरील प्रबंधासाठी त्यांना ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली. बॅरिस्टर होऊन १९२६ मध्ये ते अमरावतीस परतले. १९२७ मध्ये मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला.

वऱ्हाडातील कार्य
अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी अमरावतीत झालेल्या सत्याग्रहात त्यांनी पुढाकार घेतला. १९३० ते १९३३ या काळात ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात होते. शेतकऱ्यांच्या डोक्यावरील सावकारी कर्जाचा निवाडा करणारा कर्ज लवाद कायदा १९३३ चा. पुढे त्यांनी देशपातळीवर जे काम केले, त्याचे मूळ या कर्जाच्या प्रश्नात शोधणे योग्य ठरेल. पीक हातचे गेले की कापूस उत्पादक सावकाराच्या दारी जातो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. याच काळात त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली.

केंद्रातील दशक
ते संविधान सभेचे सदस्य होते. १९५२ मध्ये ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले आणि १९६२ पर्यंत केंद्रात मंत्री राहिले. अन्न व शेती या संयुक्त मंत्रालयाचे कॅबिनेट मंत्री मात्र वेगळे होते (रफी अहमद किडवई, अजितप्रसाद जैन आणि स. का. पाटील). त्यामुळे त्या काळातील प्रत्येक धोरणाचे श्रेय किंवा दोष एकट्या पंजाबरावांकडे देता येत नाही. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रसार, १९५५ मध्ये स्थापन झालेला भारत कृषक समाज आणि १९५९ च्या अखेरीस दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन ही कामे मात्र निर्विवादपणे त्यांची मानली जातात.

याच वर्षांत देशात कीटकनाशकांचे कारखाने निघाले. कलकत्त्याजवळ रिश्रा येथे बीएचसीचे उत्पादन १९५२ मध्ये सुरू झाले, तर दिल्लीत डीडीटीचे १९५५ मध्ये. धान्यटंचाईच्या त्या काळात फवारणी म्हणजे पीक वाचवणे, एवढाच अर्थ बहुतेकांना दिसत होता. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. धान्य आणि विष एकाच जहाजातून नेले गेले होते. या दुर्घटनेच्या चौकशीनंतर कायद्याची गरज मान्य झाली, तरी कीटकनाशके अधिनियम संमत होण्यास १९६८ साल उजाडले. पंजाबरावांचे १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत निधन झाले होते. माणसांना व प्राण्यांना होणारा धोका टाळणे, हा त्या अधिनियमाचा घोषित हेतू आहे.

अकोल्याचे विद्यापीठ आणि डंखरहित मधमाश्या
२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. त्याचे कार्यक्षेत्र विदर्भ असून कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रा ही त्यातील प्रमुख पिके आहेत. फवारणीचे प्रमाण या पट्ट्यात, विशेषतः कपाशीवर, मोठे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

माणसाचा मृत्यू मोजला जातो. मधमाशीला न मारता होणारी इजा सहसा नोंदवली जात नाही. भारतात आढळणारी टेट्रागोन्युला इरिडिपेनिस ही डंखरहित मधमाशी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर लांबीची असते. भिंतीच्या भेगांत किंवा झाडांच्या ढोलीत ती राळ व मेण यांचे पोळे करते. तिच्या कोठडीत आधी पराग व मध भरला जातो, मग अंडे घालून कोठडी बंद होते. त्यामुळे परागात उतरलेला विषाचा अंश अळीला तिच्या पूर्ण वाढीपर्यंत पोटात घ्यावा लागतो. ब्राझीलमधील मेलिपोना क्वाड्रिफॅसियाटा या जातीवरील प्रयोगांत, अळीअवस्थेत इमिडाक्लोप्रिडची अल्प मात्रा मिळालेल्या माश्या जगल्या, पण त्यांच्या मेंदूतील शिकण्याशी संबंधित भागाची वाढ खुंटली आणि चालण्याची हालचाल मंदावली. हेच इमिडाक्लोप्रिड कपाशीच्या बियाण्यावर प्रक्रियेसाठी वापरले जाते. मधमाश्यांवरील विषपरीक्षा मात्र जगभर प्रामुख्याने युरोपीय मधमाशीवर होतात. ती आकाराने कितीतरी मोठी असून तिच्या अळ्यांना कामकरी माश्या वेळोवेळी भरवतात.