परंपरानिष्ठ राजकीय विचार आणि लोकमान्य टिळक

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• परंपरानिष्ठतेचा राजकीय तत्त्वज्ञान म्हणून असलेला अर्थ सांगता येईल.
• लोकमान्य टिळकांच्या चरित्राच्या आधारे या विचाराचे महाराष्ट्रातील रूप स्पष्ट करता येईल.
• या विचाराचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा यांची चिकित्सा करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, समजा चिखलीतील एका घरात मुलीच्या लग्नाचा विषय निघाला आहे. मुलीला पुढे शिकायचे आहे. आजोबांच्या मते घराण्याची रीत मोडता कामा नये. वडिलांना बदल मान्य आहे. परंतु तो भावकीच्या गळी हळूहळू उतरला पाहिजे आणि बाहेरच्या कोणी त्यात पडू नये, असे त्यांना वाटते. मुलीचे म्हणणे एवढेच की, तितके थांबायला तिच्यापाशी वेळ नाही. या तीन भूमिका लक्षात ठेवा. पाठाच्या अखेरीस आपल्याला त्यांच्याकडे परत यायचे आहे.

संकल्पना

मराठीत या विचाराला रूढिवाद, पुराणमतवाद, परंपरावाद अशी अनेक नावे आहेत. त्यांतील पहिल्या दोन नावांत निषेधाचा सूर आहे. म्हणून येथे परंपरानिष्ठता हा शब्द वापरला आहे. आजोबांची वृत्ती ही रूढिप्रियता होय. तिला तत्त्वज्ञान म्हणता येत नाही. वडिलांच्या भूमिकेत मात्र तत्त्वज्ञानाचे बीज आहे, कारण बदल कोणी करावा आणि कोणत्या गतीने करावा, हे दोन प्रश्न ती विचारते.

युरोपात या प्रश्नांची सुसंगत मांडणी एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीवरील आपल्या ग्रंथात केली. समाज हा मागच्या पिढ्यांकडून आलेला आणि पुढच्या पिढ्यांकडे सोपवायचा वारसा आहे. केवळ तर्काच्या बळावर तो पाडून नव्याने उभारता येत नाही, असे त्यांचे मत होते. बर्क बदलाचे शत्रू नव्हते. अमेरिकन वसाहतींच्या तक्रारींना त्यांनी पाठिंबा दिला होता आणि वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगातही त्यांनी पुढाकार घेतला होता. त्यांचा विरोध होता तो वारसा तोडून टाकणाऱ्या बदलाला. हा विचार महाराष्ट्रात आला तेव्हा मात्र एक नवी अडचण उभी राहिली : येथील राज्यसत्ताच परकी होती. टिळकांचे चरित्र या अडचणीच्या संदर्भात वाचावे लागते.

जडणघडण

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक व संस्कृतचे जाणकार होते. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले आणि त्याच वर्षी आईचे निधन झाले. १८७१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, टिळकांचा विवाह झाला. पुढील वर्षी वडीलही गेले. डेक्कन कॉलेजातून १८७७ मध्ये गणित विषय घेऊन ते बी.ए. झाले आणि त्यानंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. बालपणापासूनचे संस्कृताचे संस्कार आणि गणित व कायदा यांची काटेकोर शिस्त हे दोन्ही त्यांच्या युक्तिवादांत पुढे सतत दिसतात.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासह ते १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत सहभागी झाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे मात्र या मित्रांची ताटातूट झाली. आगरकरांना सामाजिक सुधारणा तातडीची वाटत होती, तर टिळकांना राजकीय जागृती आधी हवी होती. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले.

संमतिवयाचा वाद

बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाहाविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा वाद पेटत गेला. कलकत्त्यातील फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला आणि कायद्याची मागणी तीव्र झाली. मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये संमत झाला.

टिळकांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. येथे त्यांची भूमिका नीट समजून घ्या. केवळ लहान वयातील विवाह टिकावेत यासाठी हा विरोध नव्हता. सुधारकांनी स्वतःपुरते नियम पाळावेत, असा प्रस्ताव त्यांनी १८९० मध्ये मांडला होता. मुलीचा विवाह सोळाव्या आणि मुलाचा विसाव्या वर्षापूर्वी करू नये. चाळिशीनंतर पुरुषाने लग्न केल्यास विधवेशीच करावे. हुंडा व केशवपन बंद व्हावे, अशी कलमे त्यात होती. वयाच्या बाबतीत हा प्रस्ताव कायद्याच्याही पुढे जात होता. मात्र लोकशिक्षणाने घडावयाचे काम परक्या सरकारच्या दंडशक्तीने होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. धर्मशास्त्राचा आधारही त्यांनी विरोधासाठी घेतला. बर्क यांना राज्यसंस्था हा वारशाचाच भाग वाटत होता. टिळकांनी मात्र राज्य आणि समाज वेगळे काढले व समाजाचे राज्यापासून रक्षण करण्याची भूमिका घेतली. येथे परंपरानिष्ठता राष्ट्रवादाला येऊन मिळाली.

बुलढाण्यातून आलेला प्रश्न

या भूमिकेची दुसरी बाजू पाहण्यासाठी पुण्याहून चिखलीशेजारच्या बुलढाण्यास येऊ. तेथील ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यातील छापखान्यातून प्रसिद्ध झाला. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्यानिमित्त वृत्तपत्रांतून झालेली स्त्रियांची निंदा हे त्याचे निमित्त होते. ज्या रीतींचे रक्षण करायचे त्या कोणी घातल्या आणि त्यांचा भार कोणी वाहिला, असा ताराबाईंच्या निबंधाचा रोख आहे. पुढे जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली.

टिळकांच्या युक्तिवादातील दुबळी जागा हीच आहे. समाजाने आपल्या गतीने बदलावे, हे तत्त्व ऐकण्यास रास्त वाटते. परंतु समाज म्हणजे कोण, हे ठरविणाऱ्यांत दहा वर्षांची मुलगी नव्हती. बदल लांबल्याची किंमत मात्र तिलाच मोजावी लागत होती.

राजकारणात जहाल, समाजकारणात सावध

१८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला आणि त्यानंतर शिवजयंती उत्सवाला टिळकांनी चालना दिली. परंपरेला त्यांनी लोकसंघटनेचे साधन बनविले. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल त्यांना अठरा महिन्यांची, तर १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी प्राचीन ग्रंथातूनच कर्मयोगाचा नवा अर्थ काढला. जुन्या आधारावर नवे उभारण्याची ही रीत परंपरानिष्ठ विचाराचे उत्तम उदाहरण आहे. १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. तिच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाडचा, म्हणजेच आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या भागाचाही समावेश होता.

परकी सत्ता उलथविण्याच्या बाबतीत जहाल असलेले टिळक जातिव्यवस्थेच्या प्रश्नावर मात्र जपून पावले टाकीत. वेदोक्त प्रकरणात त्यांनी शाहू महाराजांच्या विरोधी भूमिका घेतली. मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत त्यांनी अस्पृश्यतेचा कठोर निषेध केला. परंतु व्यक्तिगत आचरणात ती न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सारांश

परंपरानिष्ठता म्हणजे बदलाला सरसकट नकार नव्हे. बदलाचा अधिकार आणि त्याची गती यांविषयीची ती एक भूमिका आहे. परक्या सत्तेविरुद्ध लोकांना उभे करण्याचे बळ तिने टिळकांना दिले. सुधारणेचा कार्यक्रम लोकांच्या मनात रुजल्याशिवाय टिकत नाही, हा तिचा इशाराही खरा आहे. मात्र थांबण्याचा सल्ला देणारा आणि थांबण्याचे दुःख सोसणारा हे एकच नसतात, तेव्हा या विचाराची कसोटी लागते. आता प्रास्ताविकातील वडिलांचे म्हणणे पुन्हा वाचा आणि ते मुलीच्या बाजूने तपासून पाहा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रूढिप्रियता आणि परंपरानिष्ठता यांतील फरक उदाहरणासह लिहा.
२. बर्क व टिळक यांच्या राज्यसंस्थेविषयीच्या भूमिकांची तुलना करा.
३. संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी केलेला विरोध त्यांच्या १८९० च्या प्रस्तावाशी सुसंगत होता का? तुमचे मत सकारण मांडा.
४. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा घराण्यातील गेल्या दोन पिढ्यांत बदललेली एक रीत निवडा. तो बदल कायद्यामुळे झाला, लोकमतामुळे झाला की कोणा एकाच्या हट्टामुळे, हे वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून दहा ओळींत लिहा.